हळदीच्या मांडवातली हलगी

इथं सुरतेत मिरवणुकीआधी कुणी कागद पेटवून हलगी तापवली, की भाजल्या कातड्याच्या वासानं मी अजून गल्ली बदलतो. सातवीतून शाळा सोडली त्या साली वाटूरजवळ आमच्या गावात चुलतभावाची हळद होती. थोरल्या बहिणीला मोठा आवाज सोसायचा नाही. मांडवात हलगी कडाडली तशी ती कान दाबून घुमायला लागली. "देवी आली," कुणीतरी म्हणालं, आणि बायांनी तिला कुंकू फासलं. मी ओरडलो, "बंद करा, तिला तरास होऊन राह्यला." चुलता म्हणाला, "गप रे. देवीपुढं वाजवणं थांबवत न्हाईत. होऊ दे जोरात." बहीण भिंतीवर डोकं आपटत होती आणि माझी आईसुद्धा हात जोडून उभी होती. शेवटी आत्यानं तिला दंडाला धरून कडब्याच्या खोलीत नेलं आणि स्वतः दारात बसली. "देवी झोपली. कोणाला दर्शन पायजे त्यानं आधी माझ्याशी बोला." त्या माउलीचे उपकार फिटायचे नाहीत. बहिणीला स्वमग्नता आहे, हे तिला माझ्याकडं सुरतेला आणल्यावर इथल्या डॉक्टरांकडून फार उशिरा कळलं. चुलत्याला फोनवर तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "असंल बाबा. पण त्या साली तिच्या आशीर्वादानं गारपीट बिलकुल झाली न्हाई." मी फोन आपटला.