मोगऱ्याचा ताण

आमच्या धुळ्याच्या घरामागे आईचा मोगरा होता. पौष संपला की ती त्याचं पाणी तोडायची, पानं ओरबाडायची, मुळं उघडी टाकायची. मला त्या झाडाची दया यायची. "ताण दिल्याबिगर तो फुलत नही," ती म्हणायची. शिवरात्रीनंतर शेणखत आणि पाणी मिळालं की चैत्राच्या तोंडावर पहिलं फूल यायचं. ते देवाचं. त्याआधी कोणी वास घ्यायचा नाही, असा तिचा कडक नियम होता.

दुष्काळाच्या वर्षी माघातच आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना तिने वडिलांना, म्हणजे नानांना, बजावलं की मोगऱ्याला शिवरात्रीपर्यंत थेंबही नको. नाना कारकून, फायलीबाहेरचं त्यांना फारसं कळत नसे, पण एवढं कळलं होतं. तरी त्यांचा धीर सुटला. टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यातला तांब्या ते रोज मोगऱ्याला घालू लागले. मी अडवलं तर म्हणाले, "ती तिकडे सुकते आहे. हे इथे सुकताना माझ्याने बघवत नाही."

मोगरा हिरवागार झाला. कळी मात्र एक नाही.

आई रोज विचारायची, "कळी उनी का?" पहिलं फूल देवाला वाहायला घरी जायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. चैत्र लागला तसं नानांना तिच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी बाजारातून गजरा घेतला, दोरा काढून टाकला आणि फुलं रुमालात बांधून तिच्या उशाशी ठेवली. "आला बघ तुझा मोगरा," म्हणाले.

आईने फुलांना हात लावला नाही. "हाई आपलं नही शे. आपलं ऱ्हातं तर पहिलं देवले गयं ऱ्हातं."

नाना मान खाली घालून बसले. घाईत त्यांना देव आठवलाच नव्हता. त्यानंतर आईने मोगऱ्याचं नाव काढलं नाही. वैशाखात ती गेली.

पुढच्या माघात मोगऱ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्या नुसत्या काटक्या झाल्या. शिवरात्रीनंतर मीच रागारागाने दोन बादल्या पाणी ओतलं. चैत्रात तो असा बहरला की मला त्याचा संताप आला.

पहिलं फूल नानांनी तोडलं. मी देवघरात दिवा लावून त्यांची वाट बघत बसले. ते आत आलेच नाहीत. मागच्या पायरीवर बसून ते फूल नाकाशी धरून रडत होते.