पडद्यामागचे गिनीपिग

वाळलेल्या गवताचा वास आला की वडगाव निंबाळकरचं आमचं घर आठवतं. सातवीत असताना मामानं मला दोन गिनीपिग दिले, तेव्हा आजोबा, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "घरात वास आला, की हे परत जाणार." बैठकीत खिडकीजवळ पडद्याआड मी त्यांचा लांबरुंद प्लायवूडचा खोका ठेवला. तळाशी वर्तमानपत्रं, त्यावर जुनी सुती चादर आणि गवत. शाळेआधी ओलं गवत आणि लेंड्या काढायच्या, रविवारी खोका धुऊन उन्हात वाळवायचा, हे मी कधी चुकू दिलं नाही. एकदा शेजारचे तात्या आबांकडे चहाला बसले होते. मी कोथिंबीर घेऊन आत आले, तशी खाऊच्या चाहुलीनं गिनीपिगांनी पडद्यामागून जोरात शीळ घातली. तात्या दचकलेच. "आवो, हितं काय हाय?" आबांनी पडदा सारला. "नातीची जनावरं. मघापासनं बसलाय, वास आला का?" तात्यांनी वाकून हुंगलं. "न्हाय बुवा. आमच्या गोठ्याचीबी एवढी निगा न्हाय." आबा हसले नाहीत, पण त्या दिवसापासून येईल त्या पाहुण्याला ते आधी खिडकीपाशी नेऊ लागले. पुढं नोकरीत शाबासक्या मिळाल्या; पण पाहुण्याचा हात धरून निघालेले आबा आठवले, की आजही माझी मान ताठ होते.