युद्धकराचं घावन

"आधी भांडण कशावरून ते सांग. तारीख मागाहून!" असं म्हणत आमची शेजारीण उलथनं तव्याच्या कडेवर आपटायची. दुबईतल्या अल बर्शात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मूळची रत्नागिरीची, लग्नाआधी तिथल्या शाळेत इतिहास शिकवायची. नवरा एका बांधकाम कंपनीत. मूलबाळ नव्हतं. मजल्यावरच्या पोरांना तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आंटी नको हां. खाला म्हणा, नाहीतर मावशी म्हणा. नातं लावायचं तर नीट लावा."

आमची कन्या तेव्हा आठवीत. मराठीत हाक मारली तरी "कमिंग, ममा" म्हणणारी. ती एकदम "मावशी, मावशी" करायला लागली. माझ्या सख्ख्या बहिणीला मात्र फोनवर "हाय आंटी"! माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणतात. आता तुम्हीच सांगा, त्यातल्या मायने कुठे जावं?

माझा नाइलाज होता. दोन हजार आठच्या मंदीत जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं ऑफिस निम्मं रिकामं झालं आणि गेलेल्यांची कामं उरलेल्यांच्या बोडक्यावर आली. लेकीची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची; सोशल स्टडीजमध्ये ती नापास व्हायच्या बेतात. धडा होता अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा आणि त्यातून वाढलेल्या केंद्र सरकारच्या सत्तेचा. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मीच शिकवायला बसले. दोन पानं झाली असतील नसतील, "ममा, यू आर जस्ट रीडिंग इट," म्हणाली आणि पुस्तक उचलून समोर मावशीकडे गेली. माझ्या देखत!

पुढे एका सुट्टीला तिला आणायला गेले, तर मजल्यावरची पोरं गोल बसलेली, प्रत्येकाच्या ताटलीत गरम घावन आणि माझ्या लेकीची ताटली रिकामी.

"ही दक्षिणेतली गुलाम आहे," मावशीबाई मला शांतपणे म्हणाल्या. "हिच्या कष्टाचं सगळं मालक खातो."

माझं डोकंच फिरलं. पण तोवर तिने एकेकाच्या घावनाचा तुकडा तोडायला सुरुवात केली होती. "हा युद्धकर. मी वॉशिंग्टनहून आलेय." दुबईत वाढलेली पोरं ती, प्राप्तिकर कशाशी खातात हे त्यांना काय ठाऊक! "नॉट फेअर" म्हणून गिल्ला केला त्यांनी.

"आधी केंद्राला विचारत होतं कोण? जो तो आपल्या राज्यात राजा. नोटासुद्धा बँकेबँकेच्या वेगळ्या. भांडण पेटलं तसा केंद्राने कर लावला, स्वतःच्या नोटा छापल्या, माणसं सक्तीने फौजेत घातली."

"मग युद्ध संपल्यावर आमचे तुकडे परत?" एकाने विचारलं.

"थोडे परत. पण एकदा लांब झालेला हात पुन्हा तेवढा आखूड होत नाही, राजा." मग सगळे तुकडे तिने माझ्या लेकीच्या ताटलीत टाकले. "ही सुटली ती त्यातूनच. आता भांडा, बरं झालं की वाईट."

घरात शिरताच मी फणकारले, "उपाशी ठेवायला तूच सापडलीस तिला?"

"ममा, आय वॉज द होल पॉइंट!" लेकीचे डोळे नुसते चमकत होते. माझ्यापाशी बसून ते कधी असे चमकले नव्हते. जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसांत अबुधाबी दुबईला सावरणार, अशी जिथेतिथे चर्चा. शेजारीण हसून म्हणायची, "बघा ताई, अडचण आली की केंद्र मोठं होतं. इथेही सात अमिराती म्हणजे सात घरंच की!"

पण तिच्या घराला सावरायला कोणी आलं नाही. नवऱ्याची कंपनी खलास, व्हिसा रद्द, महिन्याभरात निघायचं. धडाही शेवटाला आला होता. युद्धानंतर काही वर्षं केंद्राची फौज सुटलेल्या गुलामांच्या पाठीशी राहिली आणि मग काढून घेतली गेली. "त्यांना तसंच सोडून गेले?" लेक तिच्यावर ओरडली, आणि तेही चक्क मराठीत. "गेले," एवढंच ती म्हणाली.

निघायच्या दिवशी उरलेलं तांदळाचं पीठ द्यायला ती आमच्याकडे आली. मनात म्हटलं, सुटले एकदाची.

"ताई, एक सांगू? मला तुमचा फार राग यायचा."

"माझा?"

"संध्याकाळी लिफ्ट वाजली की तुमची लेक पुस्तक मिटायची. 'ममा आली!' कुठलीही लढाई असो, अर्ध्यावर टाकून पळायची. मी रोज म्हणायचे, आज तरी या बाईला उशीर होऊ दे. अल्ला माफ करो."

मी पिठाचा डबा तिच्या हातून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले. लिफ्ट वाजली. पर्समधून किल्ली काढेपर्यंत आमचं दार आतून उघडलं. लेक उभी होती. बघत मात्र होती माझ्या खांद्यावरून, समोरच्या बंद दाराकडे.

मी जरा बाजूला सरकले, तिला नीट दिसावं म्हणून.