फाटकातून दिलेला होकार

पनवेलमध्ये मालूताई भोईर यांचं ऑफिस विचारलंत तर लोक एका निळ्या स्कूटीकडे बोट दाखवतील. तेच ऑफिस. डिकीत सातबाऱ्यांच्या झेरॉक्स, मोजायची टेप, छत्री आणि पाण्याची भली मोठी बाटली. जागा दाखवायच्या, पटल्या तर सौदा जमवून द्यायचा, हा धंदा त्या सोळा वर्षं करताहेत. त्याआधी अकरा वर्षं सासूबरोबर बाजारात भाजी विकली. भाजी घेताना एका गिऱ्हाइकाने भाड्याची खोली विचारली, मालूताईंनी शेजारच्या चाळीतली मिळवून दिली, दोन्हीकडून शंभर-शंभर रुपये हातात पडले, आणि त्या दिवशी उरलेली मेथी त्यांनी सासूच्या हवाली केली ती कायमचीच.

लोक म्हणतात, मालूताईंची जीभ फार चालते. लोकांना काय कळतंय! खरी चालते ती पाण्याची बाटली. समोरच्याने आकडा सांगितला की मालूताई पाणी प्यायला लागतात. घोट घोट, सावकाश. बाटली अर्धी व्हायच्या आत समोरचा कासावीस होऊन स्वतःच दुसरा आकडा सांगतो. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला त्या समोरासमोर बसवत नाहीत; एकाच बाकावर शेजारी बसवतात, तोंडं रस्त्याकडे. समोरासमोर बसलेली माणसं भांडतात, शेजारी बसलेली नुसती कुरकुरतात, आणि कुरकुरणाऱ्या माणसाशी सौदा होतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात कडक नियम असा की, होकार आला तरी तो दोन दिवस पोटात ठेवायचा. विकणाऱ्याला जरा झुरू द्यायचं, मग सांगायचं.

हा नियम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही नेमका माहेरी.

माहेर नेऱ्याचं. तिथली गुणाबाई त्यांच्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे काकी. काकीचं वय सत्तर, गुडघ्यांचं नव्वद. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा हरेश तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला, त्यामुळे शेतात हात घालायला कुणी नाही. शेवटी गावाच्या कडेची वीस गुंठे जमीन विकायचं काकीने ठरवलं आणि काम पुतणीवर सोपवलं.

"गुंठ्याला चार लाख सांग," काकी म्हणाली. "घेनारा तीन बोलंल. साडेतीनावर येऊ. पन भांडून ये हां, सोडू नको."

गिऱ्हाईक मिळालं ते अब्दुल दळवी यांच्या रूपाने. अठ्ठावीस वर्षं कुवेतला एका मोठ्या दुकानात नोकरी करून ते पनवेलला परतले होते. म्हसळ्याला वडिलोपार्जित शेती, त्यामुळे शेतजमीन घ्यायला लागणारा शेतकरी दाखला तयार. पैसे तयार. चार चिकू लावावेत, दोन खोल्या बांधाव्यात, एवढीच हौस. माणूस इतका सज्जन की, तो सज्जनपणाच पुढे सगळ्यांना नडला. कुवेतच्या दुकानात वस्तूवर किंमत चिकटवलेली असते. ती द्यायची आणि पिशवी उचलायची. भाव करायची सवयच अब्दुलभाईंची मोडून गेली होती.

जानेवारीतल्या एका दुपारी मालूताईंनी त्यांना जमीन दाखवली. गुणाबाई फाटकाशी उभी होती. अब्दुलभाईंनी फाटकातूनच डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागच्या डोंगराचा एक फोटो काढला, काकीला सलाम केला आणि निघाले. पनवेलला परतल्यावर त्यांनी किंमत विचारली. मालूताईंनी चार लाख सांगितले आणि सवयीने बाटलीला हात घातला. पण बाटलीचं झाकण उघडायच्या आत अब्दुलभाई म्हणाले, "मंजूर."

सोळा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मालूताईंना इतका आनंद झाला की, दोन दिवसांचा नियम, बाटली, बाक, सगळं विसरून त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"काकी, हो म्हणाले! चारला चार!"

 काकी म्हणाली, "काय कमी नाय मागितलं?"

"एक रुपया नाही."

"बरं," काकी म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला यायच्या आत साऱ्या नेऱ्याला कळलं होतं की, गुणाबाईच्या जमिनीतून मोठा रस्ता जाणार. हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. हिशोब सरळ होता. पनवेल तालुक्यात सांगितलेल्या भावाला कुणी हो म्हणत नाही. म्हटलं तर समजावं, त्याला आतली बातमी आहे. विमानतळाच्या बाजूला असंच झालं, हायवेच्या बाजूला असंच झालं. गाडीतून माणूस उतरला, पटकन हो म्हणाला, आणि दोन वर्षांत तिथला भाव चौपट झाला. ज्यांनी तेव्हा विकलं ते अजून पारावर बसून उसासे टाकतात. हरेशने तर मोबाइलवर नकाशा उघडून रस्ता शोधूनही काढला. बारीक काळी रेघ, थेट काकीच्या शेतातल्या विहिरीवरून गेलेली.

मालूताई दहाच्या सुमाराला पोचल्या तेव्हा काकीच्या ओटीवर आठ-दहा माणसं जमली होती. कुणी 'ये' म्हटलं नाही. काकीने पाणी विचारलं नाही.

"मालू," काकी म्हणाली, "परक्यानं फसवलं असतं तर एवडं लागलं नसतं. तुला ठावं होतं ना गो, रस्ता येनार हाय? काकीच्याच पोटावर पाय देतेस?"

 मालूताईंना सौद्याचं काही नव्हतं. महिन्याला दोन मोडतात, एक जमतो. पण ज्या गावात परकर नेसून बागडलो त्या गावाने आपल्याला लबाड म्हणावं? उद्या दिवाळीला इथे कुठल्या तोंडाने यायचं? त्यांनी हरेशकडून मोबाइल मागून घेतला. रेघ होती खरी. बोटाने त्यांनी नकाशा सरकवला. गाव खाली गेलं, नदी वर आली, डोंगर कडेला पळाला. रेघ होती तिथेच. परत सरकवला. आता ती रेघ थेट माथेरानच्या माथ्यावरून जाऊ लागली.

"हरेश, मेल्या," मालूताई म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलची काच फुटलीय."

ओटीवर जो हशा उठला त्याने हरेशचे कान लाल झाले. माणसं एकेक करून उठली, दोघांनी मालूताईंना 'कधी आलीस' असं नव्याने विचारलं. हसली नाही ती एकटी काकी.

"काच फुटली ती फुटली," ती म्हणाली. "पन मग तो मानूस हो कशाला बोल्ला?"

 मालूताईंनी बाटली काढली आणि त्या घोट घोट पाणी प्यायल्या. काकी सुपातले वाल निवडत राहिली. बाटली संपली तरी तिने तोंड उघडलं नाही. ही बाई एजंट झाली असती तर आपल्याला भाजीच विकावी लागली असती, असं मालूताईंना वाटून गेलं.

"काकी, त्यांनी रीतसर घासाघीस केली, तर देशील?"

"करू दे तर खरं," काकी म्हणाली. "मग बगू."

म्हणजे आता उलटी गंगा वाहवायची होती. सोळा वर्षं गिऱ्हाइकांना 'थोडं वाढवा' म्हणून विनवलं, आता 'कृपा करून कमी मागा' म्हणून विनवायचं. मालूताई तडक अब्दुलभाईंच्या घरी गेल्या. अब्दुलभाईंनी ऐकून कानावर हात ठेवले.

"मालूताई, मी जबान दिली आहे. आता कमी करा म्हणू? अल्लाला काय तोंड दाखवू?"

"अहो, त्यांच्या समाधानासाठी. म्हणून तर बघा. म्हणा, 'मावशी, चार जास्त होतात.'"

"मावशी, चार जास्त होतात," अब्दुलभाई शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

"छान. आता त्या म्हणतील, 'नाय होत.' मग तुम्ही काय म्हणाल?"

अब्दुलभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "बरोबर आहे तुमचं, असं म्हणेन."

मालूताईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हात पुसत अब्दुलभाईंच्या पत्नी फहमिदाभाभी बाहेर आल्या. या बाईंची पनवेलच्या मच्छी मार्केटात अशी ख्याती की, त्या लांबून येताना दिसल्या तरी कोळणी पापलेटाचा भाव आधीच पन्नासने चढवून ठेवतात, म्हणजे शेवटी जागेवर येतो.

"जबान यांनी दिली," भाभी म्हणाल्या. "मी कधी दिली? मी तर जमीन पाहिलीसुद्धा नाही. या घरात मला विचारल्याशिवाय कढई येत नाही, जमीन कशी येईल?"

मालूताईंनी त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

रविवारी सकाळी सगळे नेऱ्याला गेले. अब्दुलभाईंना गाडीतच बसवून ठेवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली. फहमिदाभाभींनी ओढणी खोचली, कुंपणातली एक काठी उपसली आणि फाटकातून ज्या आत शिरल्या त्या थांबल्याच नाहीत.

"मावशी, या कोपऱ्यात तर नुसता खडक. इथे चिकू लावू की डोकं आपटू?"

"आता कुटं खडक!" काकी गुडघे विसरून मागे धावली. "आर्धा फोडला आमी. चार उन्हाळे फोडला. राहिला तेवडा खळ्याला ठेवला. भात झोडायला अशी जागा सगळ्या गावात नाय."

"आणि हा फणस? वाकलाय. उद्या घरावर पडेल."

"तो वाकलेलाच लागतो. बुंध्याशी फनस येतात, पोरं हातानं काढतात. सरळ फनसावर चडून बग एकदा."

"विहिरीला मे महिन्यात पाणी असतं? खरं सांगा, रमजान तोंडावर आलाय, खोटं चालायचं नाही."

"मे मदी दोन हात खाली जातं," काकीने कबूल केलं. "पन आटत नाय. माज्या लग्नापासून आटली नाय."

असं बांधाबांधाने चाललं. भाभींनी काठीने माती उकरून पाहिली, गाडी वळायला जागा नाही म्हणून तक्रार केली, शेजाऱ्याच्या म्हशी येत असणार असं शेणावरून ओळखलं. प्रत्येक खोडीला त्या पाच-दहा हजार कमी करत, आणि प्रत्येक खोडीला काकी एक हकीकत सांगून ते परत वर चढवी. भाभींची सव्वातीन लाखांपासून सुरू झालेली बोली अकरा वाजता तीन सत्तरला आली. काकी मात्र तीन ऐंशीला. तिथे दोघी अडल्या. दोघींनी कमरेवर हात ठेवले. आता दहा हजारांवरून सगळं मोडणार, हे मालूताईंच्या मुरलेल्या नजरेला दिसलं. अशा वेळी आकड्यावर बोललं की माणसं आणखी ताठ होतात, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काकी, विहिरीवरची मोटर कुणाची?"

"माजी! परवाच नवी बसवलीय."

"ती घेऊन जाणार?"

"ऱ्हाऊ दे तिला," काकी म्हणाली. "मी काय घरात मोटर लावू?"

भाभींनी मोटरीकडे पाहिलं. "मोटर राहते तर तीन पंच्याहत्तर. आणि दर वर्षी फणसाचं पहिलं फळ तुमच्या घरी."

"दोन फळं," काकी म्हणाली.

"दोन," भाभी म्हणाल्या, आणि दोघी घामाघूम होऊन विहिरीच्या काठावर शेजारी शेजारी बसल्या. मालूताईंनी सोडलेला श्वास गाडीपर्यंत ऐकू गेला असेल.

गाडीपर्यंत गेला म्हणूनच की काय, अब्दुलभाई खाली उतरले. इतका वेळ गप्प बसणं त्यांच्या मनाला खात होतं. मालूताई डोळे वटारून खुणा करत असताना ते सरळ काकीसमोर येऊन उभे राहिले. "मावशी, माफ करा, पण मी तर चार द्यायला तयार होतो. तुम्ही तेव्हा नाही म्हणालात, आणि आता गुंठ्यामागे पंचवीस हजार कमी घेता?"

मालूताईंनी डोळेच मिटून घेतले. गेलं, सगळं गेलं.

"तुमी फाटकातून बगितलं," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तितं उभी होते. वाटलं, आता आत येतील, इचारतील. तुमी डोंगराचा फोटू काडला नि गेलात. माजा नवरा या मातीत गेला, साहेब. तुमी हो बोललात, तवा मला वाटलं, रस्त्यासाठी घेतो का काय, नायतर बगितल्याशिवाय कोन हो बोलतं? हिनं आज धोंडा नि धोंडा बगितला."

 अब्दुलभाईंनी पायातले बूट काढले, विजार घोट्यावर दुमडली आणि ते कातळाच्या कोपऱ्याकडे चालू लागले. मालूताईंनी पदर डोळ्यांना लावला. घासाघीस म्हणजे भाव खाली आणणं किंवा वर नेणं, एवढंच त्या सोळा वर्षं समजत आल्या होत्या; विकणाऱ्याला ती हवीशी का वाटते, हे कधी त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकी गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि तिने फहमिदाभाभींचा हात धरला.

"चल गो, एक खोड ऱ्हायलीच तुजी बगायची. त्या खालच्या बांधाला. श्रावनात तितं पानी घुसतं, बांध फुटतो. मगाशी तू पुढं गेलीस, मी गप ऱ्हायले."

"या अल्ला! मावशी, आता सांगता? सौदा झाल्यावर?"

"सौदा झाला म्हनूनच सांगते," काकी तिला ओढत म्हणाली. "आता तुला तो बांधायला शिकवायला नको?"