बाराचा टोल आणि खांबाची सावली

आमच्या शाळेत सव्वीस वर्षं टोल देणाऱ्या मावशींविषयी चार शब्द लिहायचे आहेत. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी बोलले होते: वक्तशीर, स्वच्छ, कष्टाळू. खोटं काही नव्हतं त्यात. पण जे बोलायला हवं होतं ते तेवढं गिळलं.

मुलं त्यांना टोलमावशी म्हणायची. जिन्याखाली लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला आणि त्यांच्या हातात हातोडी. टोल द्यायचा, टाकी भरायची, वर्ग झाडायचे, किल्ल्या सांभाळायच्या. शिक्षण चौथीपर्यंत. बारा वाजता मधल्या सुट्टीचा टोल दिला की पटांगणात झेंड्याच्या खांबापाशी पायरीवर डबा उघडून बसायच्या, आणि मुलं गुळाला मुंगळे चिकटावेत तशी त्यांच्याभोवती. कोळ्यानं जाळं कुठून सुरू केलं, भिंतीवरची पाल रोज त्याच भेगेत का शिरते, असलं काहीबाही चालायचं. मुलांनी उत्तर विचारलं की मावशींचं ठरलेलं, मला काय विचारता, मी चौथी शिकलेय, तुम्ही बघा आणि मला सांगा. की पोरं पळाली बघायला.

आणि मी विज्ञानाची शिक्षिका. अकरा वर्षं सातवीच्या प्रयोगवहीतला ‘निरीक्षण’ हा रकाना मी फळ्यावर लिहून देत होते. बेचाळीस वह्या, बेचाळीस निरीक्षणं, काना-मात्रेसकट सारखी. तपासायला सोपं जायचं.

या हिवाळ्यात सावलीचा प्रयोग आला. फळ्यावर लिहिलं, ‘दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते.’ वह्या तपासताना एका वहीत दिसलं, ‘बारा पस्तीसला सर्वांत लहान.’ वही सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीची. मी लाल फुली मारली आणि तिला उभं केलं. कुणी सांगितलं हे?

“कुणी नाही बाई. मोजली.”

मग चुकीची मोजलीस, म्हटलं. ती म्हणाली, सात दिवस मोजली, सावलीच्या टोकाला खडे ठेवून, मावशीपण होत्या. टोल दिला तरी सावली थांबत नाही, आखडतच जाते, हे मावशींनीच आधी पाहिलं होतं.

हे शेवटचं मला झोंबलं. मुलीचं चुकलं असतं तर चाललं असतं, पण झाडू मारणारी बाई माझ्या विषयात बोलणार? मी मावशींना वर्गात बोलावलं. त्या हातोडीसकट आल्या, काहीतरी दुरुस्तीचं काम असेल म्हणून.

“मावशी,” मी म्हटलं, “तुम्ही टोल द्या. विज्ञान मी बघते.”

वर्ग हसला. हसू दिलं मी. मावशी “बरं बाई” म्हणाल्या आणि गेल्या. मुलीला ‘बारा वाजता’ दहा वेळा लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी खांबापाशी एकही खडा नव्हता. मावशींनी स्वतःच झाडून टाकले होते. मधल्या सुट्टीत त्या आता जिन्याखाली बसून डबा खायच्या, आणि ती मुलगी वर्गातच बसायची, मी फळ्यावर लिहिलेलं निमूट उतरवून घेत.

दोन आठवड्यांनी रविवारी पेपर तपासायला एकटीच शाळेत गेले होते. तिचा तो ‘मोजली’ शब्द कुसळासारखा रुतून बसला होता. शिवणाची टेप घेऊन खांबापाशी गेले. बाराला सावली मोजली, खडा ठेवला. सव्वाबाराला ती आखडली होती. साडेबाराला आणखी. बारा पस्तीसला थांबली आणि मग हळूहळू लांबायला लागली. बाराच्या आणि पस्तीसच्या सावलीच्या लांबीत वितीला थोडासाच कमी फरक. मी आधी घड्याळाला दोष दिला. मोबाइल काढून पाहिला, घड्याळ बरोबर होतं.

घरी जाऊन जुनं भूगोलाचं पुस्तक काढलं. प्रमाणवेळ: सगळ्या देशाचं घड्याळ एकाच रेषेवर लावलेलं, सूर्य मात्र प्रत्येक गावाच्या माथ्यावर आपल्या वेळेनं येतो. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण पडले होते. लिहून आले आणि कधी मान वर करून बघितलं नाही.

रोज सकाळी मी देवापुढे दोन मिनिटं बसते. दुसऱ्या दिवशी बसले, माफी मागितली, जरा हलकं वाटलं आणि शाळेत गेले. गप्प राहिले. असा महिना काढला. मावशी निवृत्त झाल्या, मी ते भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनीसुद्धा. त्या टाळ्या ऐकल्यापासून देवापुढे डोळे मिटले की हातोडी धरलेला तो हात दिसायचा.

शेवटी त्यांच्या घरी गेले. दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या, सोलत होत्या.

“तुम्ही ओरडलात म्हणून सूर्य काय लवकर येणार होता?” त्या हसल्या. मग लसणाचं ताट बाजूला ठेवलं. “पण बाई, मला इथे दारात का सांगता? बोललात ते वर्गात ना?”

त्यांनी चहा दिला, तो घोट घोट करून प्यायले.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. माझे हात खडूनं पांढरे झालेले आणि लिहायला काही नव्हतं. म्हटलं, सावलीचं माझं चुकलं होतं, हिचं बरोबर होतं, मावशींचंही. आणि मावशींना जे बोलले ते तर फारच वाईट होतं. या वेळी कुणी हसलं नाही. सायकलवाल्याच्या मुलीला वही काढायला सांगितली. माझी लाल फुली आणि खाली दहा वेळा ‘बारा वाजता’, सुवाच्य अक्षरात.

तिनं पेन उघडलं आणि थांबली.

“बाई, कोणतं लिहू? खरं की मार्कांचं?”

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. अकरा वर्षांत मी किती मुलांना ही दोन वेगळी करायला शिकवलं असेल, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

“खरं,” मी म्हटलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग आमचं बारा खोडायचं का? बाकीच्या एकेचाळीस वह्यांत माझंच वाक्य होतं. आधी मोजून या, मग खोडा, म्हटलं. बाराला पाच कमी होते, टोल व्हायचा होता, तरी पोरं उठून पळाली. मुलगी सगळ्यांत शेवटी उठली. खांबापाशी पोचेपर्यंत तिनं वाकून दोन खडे उचलले होते.

आज संध्याकाळी मावशींकडे जायचं आहे. वर्गात बोलले, हे त्यांना सांगायला.