विमलकाकूंचा अर्धा हत्ती

संक्रांतीचे किस्से लिहून ठेव, असं अश्विनी दरवर्षी माझ्या मागं लागते. पण मागच्या जानेवारीतला लिहायला बसावं, तर तोवर पुढचा जानेवारी उजाडलेला असतो आणि विमलकाकूंच्या स्वयंपाकघरात नवं आक्रीत घडलेलं असतं!

म्हैसूरला संक्रांतीच्या तिळाबरोबर साखरेचे अच्चु वाटतात. अच्चु म्हणजे पांढरीशुभ्र साखरेची चित्रं. राघू, कोंबडा, तुळशीवृंदावन, काय वाट्टेल ते. लाकडी साच्याची दोन फळकुटं समोरासमोर बांधायची, वरून पाक ओतायचा, आणि उघडलं की आत कोंबडा उभा! विमलकाकूंच्या सासरची मंडळी कित्येक पिढ्या इथलीच, त्यामुळे त्यांच्या अग्रहारातल्या, म्हणजे जुन्या ब्राह्मण आळीतल्या घरी हा कारखाना चालतो. मी सांगलीची, अश्विनी नाशिकची. दोघी नवऱ्यांच्या नोकरीपायी इथं आलो आणि काकूंच्या हाताखाली लागलो.

*

पहिल्याच वर्षी मी हबकले. सगळी चित्रं ऐटीत उभी, आणि हत्ती मात्र आडवा! उचलून पाहिला तर पाठीमागून सपाट. एकच डोळा, एकच कान.

"काकू, हा असा काय?"

"अर्धाच साचा आहे गे माझ्याकडे."

"आणि दुसरं अर्ध?"

"शांतीकडे."

शांताकाकू म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, मागच्याच गल्लीत राहते. वीस वर्षांपूर्वी दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा साच्यांच्या वाटण्या झाल्या. कोंबडा तुला, राघू मला, असं करत सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी हत्ती उरला. एकच! दोघींनाही तोच हवा. कुणी मागं हटेना. शेवटी रागाच्या भरात दोघींनी एकेक फळकूट उचललं आणि पाठ फिरवली. त्या दिवसापासून जावाजावांचं बोलणं बंद, तिळाचं ताटसुद्धा बंद!

माझ्या तोंडाचा आ मिटेना. "अहो काकू, पण मग हत्ती कुणालाच नाही!"

"नाही तर नाही!" काकू फणकारल्या. मग पाक ढवळता ढवळता हळूच म्हणाल्या, "माझी नात विचारते, अज्जी, तुझ्या हत्तीला एकच डोळा का? पुरा हत्ती तिनं बघितलेलाच नाही गे. डोळे मिटायच्या आत एकदा काढून दाखवायचाय तिला."

जावेकडे जाऊन मागा, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

*

त्याच वर्षी मी अक्कल पाजळली. काकू देवपूजेला गेल्या होत्या. म्हटलं, चित्रं सुटायला त्रास नको, म्हणून सगळ्या साच्यांना आतून मस्तपैकी तूप चोपडलं. खरं म्हणजे ते साचे आदल्या दिवसापासून पाण्यात भिजत घालायचे असतात. ओलं लाकूड साखर आपोआप सोडतं. पण मला कोण सांगणार? मी तर त्यांना उन्हात वाळवून वर तूप लावलेलं!

राघू बाहेर आले ते पिवळट, चिकट आणि निम्मे साच्यातच. काकूंनी एक राघू हातात घेतला, हुंगला आणि मटकन खालीच बसल्या.

"अय्यो! राघूला अभ्यंग घातलंस की गे!"

*

अश्विनीची पहिली संक्रांत तर अख्खा अग्रहार विसरलेला नाही. आपल्याकडे संक्रांतीला काळी साडी नेसतात. पोरगी हौसेनं काळीकुळकुळीत चंद्रकळा नेसून, नटूनथटून काकूंच्या दारात हजर! इथं सणाला कुणी काळं नेसत नाही, हे तिला कुठं ठाऊक?

हळदीकुंकवाला बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. काकू छातीवर हात ठेवून उठल्या.

"देवा! कोण गेलं गे?"

"कुणी नाही गेलं काकू," अश्विनी बावरून म्हणाली, "मीच आलेय!"

काकूंनी तिला तशीच माजघरात ओढली आणि स्वतःची हिरवी रेशमी साडी नेसवली. ती साडी अजून अश्विनीच्याच कपाटात आहे.

*

गोकुलममध्ये माझ्या शेजारी योगा शिकायला आलेली एक परदेशी बाई राहायची. साखर म्हणजे विष म्हणायची, तरी शेजारधर्म म्हणून तिला एक अर्धा हत्ती दिला. पांढरा, गुळगुळीत, वेलदोड्याचा घमघमाट. चार दिवसांनी जिन्यात भेटली.

"लव्हली सोप!" म्हणाली. "स्किन एकदम सॉफ्ट! पण बाथरूममध्ये एवढ्या मुंग्या का येतात?"

मी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे पांढरे झाले. "हत्तीनं आंघोळ केली?"

*

काकूंच्या हत्तीचं दुःख अश्विनीला फार लागलं होतं. सॉफ्टवेअरवाली ना! तिनं गुपचूप काकूंच्या फळकुटाचे फोटो काढले, कॉम्प्युटरवर उलटे फिरवले आणि ऑफिसच्या ओळखीतून दुसरं अर्ध थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं छापून आणलं. अगदी हुबेहूब! काकूंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. नातीला मुद्दाम बोलावून घेतलं. देवाचं नाव घेऊन कढत पाक ओतला.

आणि प्लॅस्टिक वाकलं हो! आमच्या डोळ्यांदेखत मऊ पडलं, चुरगळलं. साचा उघडला तर सोंड पोटात, कान पायात. नात भोकाड पसरून रडायला लागली. अश्विनीही रडकुंडीला आली.

काकूंनी तो प्रकार उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "हा हत्ती नव्हे गे. हत्ती ज्याच्यावर बसला, तो आहे हा!"

आम्ही हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत. अर्धं फळकूट पुसून त्यांनी आत नेऊन ठेवलं, आणि त्या वर्षी आडवा हत्तीसुद्धा काढला नाही. मला फार वाईट वाटलं.

*

आता यंदाचं ऐका.

पाक चुलीवरून उतरवलेला. काकू पळीनं घोटत होत्या. पाक पांढरा व्हायला लागला की हातातलं सगळं टाकून ओतायचं, नाहीतर भांड्यातच दगड होतो. तेवढ्यात मागचं दार वाजलं. मी उघडलं आणि गारच पडले. दारात शांताकाकू! हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी.

शांताकाकूंनी पंचा सोडला. हत्तीचं दुसरं फळकूट! भिजून काळंभोर झालेलं, पाणी निथळणारं, म्हणजे कालपासूनच भिजत घातलेलं. प्लॅस्टिकच्या हत्तीची गोष्ट मागच्या गल्लीतही पोचली असणार!

आता भांडण होणार म्हणून मी देवाचा धावा सुरू केला. काकूंनी मान वर करून एकदा जावेकडे पाहिलं, एकदा फळकुटाकडे. हात मात्र थांबला नाही.

"सुम्ने उगाच उभी काय राहिलीस? पाक जाईल. बांध!"

शांताकाकूंनी बादलीतून काकूंचं फळकूट काढलं, दोन्ही जोडली, सुतळीनं करकचून बांधली. काकूंनी ओतलं. दोघी साच्याच्या दोन बाजूंना बसल्या. एकमेकींकडे बघतील तर शपथ! नात मधे येऊन उकिडवी बसली.

सुतळी सुटली. फळकुटं अलग झाली. पाटावर हत्ती उभा! चार पाय, दोन कान, दोन डोळे. नातीनं त्याला वाकून या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "थांबा, थांबा, फोटो!" म्हणत अश्विनी फोन शोधायला धावली.

आणि काकूंनी हत्ती उचलून कडाकन मोडला!

आम्ही किंचाळलोच. वीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, त्याचे सरळ दोन तुकडे? एक पाय त्यांनी नातीच्या तोंडात घातला आणि सोंडेकडचा भाग जावेपुढं धरला.

"डोकं तू घे. तुला जास्त गरज आहे."

शांताकाकूंनी घेतलं. कुडुम कुडुम चावलं. मग तोंडातलं गिळून शांतपणे म्हणाल्या, "पाक पुढं गेलाय अक्का तुमचा."

काकूंच्या पाकाला नाव ठेवणारं माणूस अजून जन्माला आलेलं नव्हतं! अश्विनीनं माझा दंड घट्ट धरला.

काकू म्हणाल्या, "मग लवकर यायचं होतंस!"