इव्हॅक्युएट म्हणजे काय?

साखरखेर्ड्याजवळ तलावाच्या बांधाखाली भाजीपाला करणाऱ्या नऊ घरांवर गेल्या सोमवारी सकाळी अन्याय झाला. सरकारी माणूस त्यांच्या दारांवर इंग्रजी नोटीस चिकटवून गेला. राज्य मराठी, कागद इंग्रजी! शिक्का पाहून त्यांना वाटलं, तलावाचं पाणी मंजूर झालं. सगळे वांग्याची रोपं लावायला लागले.

आमचे अर्जनवीस लोकांचे अर्ज लिहायला बाजारात टेबल मांडून बसतात. टोपी तिरकी, टाक कानावर. इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारा, आधी त्याचं मूळ सांगणार. "सोयरीक करतानी गाव पुसत नाही का बे? मंग शब्दाचं काऊन नाही पुसायचं?" शेजारी बसणारा मी वैतागायचो.

मंगळवारी त्या नऊ घरांतल्या एका बाईनं ती नोटीस त्यांच्यापुढं धरली. "पाणी कधी सोडतात, भाऊ?"

त्यांनी सगळी नोटीस वाचली, शेवटचा शब्द मोठ्यानं, "इव्हॅक्युएट." आता लॅटिन येणार म्हणून मी सुस्कारा सोडला. पण ते चपला न घालताच उठले आणि भरबाजारी टेबल टाकून पळत सुटले. "गाव खाली करा, माय! बांध फुटून राह्यला!"

दिवस मावळायच्या आत नऊही घरं टेकडीवर आली. बुधवारी सकाळी बांध गेला. रोपं वाहून गेली, माणसं वाचली.

तेव्हा कुठं टेकडीवर बसून ते म्हणाले, "लॅटिन शब्द आहे. मुळात म्हणजे रिकामं करणं."

बाई म्हणाली, "झालंच असतं ना भाऊ रिकामं, आम्ही वाहून गेल्यावर!"

वाचणाऱ्या, तुला इंग्रजी येतं ना? मग तुझ्या चावडीवर जो इंग्रजी कागद चिकटलाय, तो आजच उभा राहून मोठ्यानं मराठीत वाच.